घरावर फवारे, हायड्रंट मात्र कोरडे
विशेष प्रतिनिधी

लॉस एंजेलिस परिसरात जानेवारी २०२५ मध्ये भडकलेल्या पॅलिसेड्स आणि ईटन या दोन वणव्यांनी १६ हजारांहून अधिक बांधकामे भस्मसात केली. त्यानंतर छतावर व अंगणात पाण्याचे फवारे बसवून आपले घर आपणच वाचवावे, ही कल्पना नव्याने चर्चेत आली. ती निराधार नाही. मात्र त्यासाठी लागणारे पाणी कोणाचे, हा प्रश्न तिच्याइतकाच महत्त्वाचा आहे.

या कल्पनेच्या बाजूने मिनेसोटा राज्यातील गनफ्लिंट ट्रेलचे उदाहरण दिले जाते. तेथे ४ जुलै १९९९ च्या वादळात लाखो एकरांवरील झाडे कोसळली आणि वाळलेल्या लाकडाचा प्रचंड साठा तयार झाला. धोका ओळखून 'फेमा' या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या निधीतून अनेक घरांना फवारे बसविण्यात आले. मे २००७ मध्ये हॅम लेक वणव्याने सुमारे ७५ हजार एकर क्षेत्र जाळले, तेव्हा फवारे सुरू असलेली बहुतेक घरे बचावली. तथापि हे पंप प्रोपेन गॅसवर चालत होते आणि पाणी शेजारच्या तलावांतून येत होते. वीज वा नळाच्या पाण्यावर ते अवलंबून नव्हते.

टाकीचे गणित

पॅसिफिक पॅलिसेड्समध्ये परिस्थिती नेमकी उलट होती. डोंगराळ भागाला पाणी पुरविणाऱ्या, प्रत्येकी सुमारे १० लाख गॅलनच्या तीन टाक्या ८ जानेवारीच्या पहाटेपर्यंत रिकाम्या झाल्या. पाण्याची मागणी सलग पंधरा तास नेहमीच्या चौपट होती. जळालेल्या घरांच्या फुटलेल्या नळांतूनही पाणी वाहून गेले आणि उंचावरील हायड्रंट कोरडे पडले. सँटा यनेझ जलाशय तर दुरुस्तीसाठी आधीच रिकामा करण्यात आला होता.

अशा वेळी प्रत्येक घराने फवारे सुरू केले तर काय होईल? एका घराला मिनिटाला ४० लिटर पाणी लागते असे गृहीत धरले, तरी आठ तासांत १९ हजार लिटर खर्च होतात. या हिशेबाने १० लाख गॅलनची, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटरची टाकी अवघ्या दोनशे घरांत संपते. एकाच्या छतावरचे पाणी म्हणजे अग्निशमन जवानाच्या नळीतील घटलेला दाब, असा त्याचा अर्थ होतो.

ठिणग्यांचा शिरकाव

शिवाय वणव्यात घरे बहुतांशी ज्वाळांच्या भिंतीमुळे नव्हे, तर वाऱ्याबरोबर उडत येणाऱ्या निखाऱ्यांमुळे पेटतात. हे निखारे पन्हळीतील पाचोळ्यात साचतात किंवा झरोक्यांतून माळ्यावर शिरतात. फवारे पाचोळा भिजवतात. माळ्याच्या आत पोहोचत नाहीत. सोसाट्याच्या वाऱ्यात फवाराच भरकटतो आणि वीज खंडित झाल्यास विजेवरील पंप बंद पडतो.

म्हणूनच झरोक्यांना बारीक धातूची जाळी, न पेटणारे छप्पर आणि भिंतीलगतची पाच फूट जागा ज्वलनशील वस्तूंपासून मुक्त ठेवणे, या उपायांवर तज्ज्ञांचा भर आहे. या उपायांना ऐनवेळी ना पाणी लागते, ना वीज. फवाऱ्यांचा क्रम त्यानंतरचा. तोही पोहण्याचा तलाव, विहीर किंवा स्वतंत्र टाकी असलेल्यांसाठी. सार्वजनिक जलवाहिनीवर बसविलेला फवारा कदाचित एक घर वाचवील, पण त्याची किंमत चढावरच्या शेजाऱ्याला मोजावी लागेल. वैयक्तिक सुरक्षेची परवानगी देताना स्थानिक प्रशासनांना हा हिशेब टाळता येणार नाही.