विश्लेषण : कॅलरी मोजताना वाटी की वजनकाटा? गणित नेमके कुठे चुकते?

स्वयंपाकातील तेलाचा वापर १० टक्क्यांनी कमी करा, असे आवाहन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘मन की बात’ कार्यक्रमातून केले. आवाहन सोपे वाटते. पण १० टक्के कमी करायचे, तर सध्या किती वापरतो हे आधी ठाऊक हवे. बहुतेक घरांत तेल पडते ते पळीने, तेही नजरेच्या अंदाजाने. हाच प्रश्न मोबाइलवर कॅलरींची नोंद ठेवणाऱ्यांनाही रोज पडतो. ॲपमध्ये ‘१ वाटी’ लिहायचे की ‘१५० ग्रॅम’? पोळी मोजायची की कणीक? फरक किरकोळ वाटला तरी वजन कमी होणे किंवा न होणे त्यावर अवलंबून असू शकते.

हा प्रश्न आत्ताच का महत्त्वाचा?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आढळले. यांपैकी अनेकांना डॉक्टरांकडून पहिला सल्ला मिळतो तो खाण्यावर लक्ष ठेवण्याचा. वजन कमी करण्यासाठी साधारणपणे दिवसाला ५०० किलोकॅलरी कमी घ्या, असे सांगितले जाते. मोजमापातील चूकच ४०० किलोकॅलरींची असेल, तर महिनाभर मन मारून काटा जागचा हलत नाही. मग ‘माझ्या शरीराची प्रकृतीच अशी’ असा निष्कर्ष काढला जातो.

कॅलरीचे मूळ गणित काय आहे?

अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या प्रयोगांवर आजचे गणित उभे आहे. १ ग्रॅम कर्बोदकांतून सुमारे ४, १ ग्रॅम प्रथिनांतून ४ आणि १ ग्रॅम मेदातून ९ किलोकॅलरी मिळतात. आपण बोलताना ‘कॅलरी’ म्हणतो ती खरे तर किलोकॅलरी असते. हे सगळे आकडे ‘दर ग्रॅम’ आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने (एनआयएन) २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत ५२८ पदार्थांची माहिती आहे, तीही दर १०० ग्रॅममागे. म्हणजे ॲपमध्ये ‘१ वाटी’ लिहिले, तरी आत कुठेतरी त्या वाटीचे ग्रॅममध्ये रूपांतर होतेच. तुमची वाटी आणि ॲपची वाटी एकच आहे का, हा खरा प्रश्न.

वाटी आणि चमच्यात अडचण काय?

वाटी हे प्रमाणित माप नाही. एकाच घराच्या मांडणीवर १०० मिलिलिटरची आमटीची वाटी आणि २०० मिलिलिटरचा वाडगा शेजारीशेजारी असतो. दोघांनाही आपण वाटीच म्हणतो. ही अडचण केवळ आपली नाही. अमेरिकेतील कप सुमारे २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातील २५०चा, तर जपानमधील २००चा. ऑस्ट्रेलियातील मोठा चमचा २० मिलिलिटरचा असतो, इतरत्र तो १५चा. परदेशी पाककृती किंवा परदेशी ॲप वापरताना हा फरक नकळत ताटात येतो.

दुसरी अडचण भरण्याच्या पद्धतीची. चमचा सपाट की शिगोशीग, दाण्याचे कूट सैल की दाबून, पोहे जाड की पातळ, यावर त्याच मापात मावणारे वजन बदलते. सपाट आणि शिगोशीग चमच्यात जवळपास दुप्पट फरक पडू शकतो. पायली, शेर, मापटे, चिपटे या मापांनी धान्य मोजणाऱ्या पिढीला हे नवे नव्हते. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर बाजरी यांचे वजन सारखे नसते, हे बाजारात सर्वांना ठाऊक असे. माप जागा मोजते, वजन मोजत नाही.

सर्वांत मोठी चूक कोणत्या पदार्थांत होते?

कमी जागेत जास्त ऊर्जा असलेल्या पदार्थांत. तेल, तूप, शेंगदाणे, सुके खोबरे, साखर, फरसाण हे त्यातले प्रमुख. ५ मिलिलिटरचा चहाचा चमचा भरून तेल घेतले, तर ते साधारण ४.६ ग्रॅम भरते आणि त्यातून सुमारे ४१ किलोकॅलरी मिळतात. १५ मिलिलिटरच्या मोठ्या चमच्यातून हाच आकडा १२४ होतो. नोंदीत नुसते ‘१ चमचा तेल’ असेल, तर तिप्पट फरक तिथेच पडला. याउलट काकडीची कोशिंबीर १०० ग्रॅमऐवजी १५० ग्रॅम खाल्ली, तर काकडीमुळे वाढणाऱ्या किलोकॅलरी दहाच्या आसपास असतील. तिथे काटा काढण्याची गरजच नाही.

पोळीचे उदाहरण अधिक बोलके आहे. लहान फुलक्याला सुमारे २५ ग्रॅम कणीक लागते, तर मोठ्या घडीच्या पोळीला ४५ ग्रॅमपर्यंत. १०० ग्रॅम कणकेच्या सुमारे ३३० किलोकॅलरी धरल्या, तर फुलका ८३चा आणि पोळी १४९ची. पोळीच्या घडीत लावलेले तेल यात धरलेले नाही. दिवसाला सहा पोळ्या खाणाऱ्याच्या नोंदीत ही तफावत जवळपास ४०० किलोकॅलरींची होते. ॲपमध्ये मात्र दोन्हींची नोंद ‘पोळी – ६’ अशीच.

माणसाचा अंदाज किती चुकतो?

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९९२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास यासंदर्भात आजही उद्धृत केला जातो. कमी खाऊनही वजन घटत नाही, अशी तक्रार असलेल्या दहा जणांचा खरा आहार आणि त्यांनी सांगितलेला आहार संशोधकांनी ताडून पाहिला. त्यांनी सांगितलेला आहार प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी होता आणि सांगितलेली शारीरिक हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. त्यांच्या चयापचयात दोष आढळला नाही. सहभागींची संख्या लहान होती, हे खरे. पण अंदाजाची चूक दोन्ही बाजूंना सारखी होत नाही, हे त्यातून दिसले. ती आपल्या सोयीच्या बाजूला झुकते. चूक कधी कमी, कधी जास्त अशी असेल, तर आठवडाभरात बरीचशी फिटते. रोज एकाच दिशेने होणारी चूक मात्र साठत जाते.

मग वजनकाटा घेतला की प्रश्न सुटला?

पूर्णपणे नाही. पहिला घोळ कच्चे आणि शिजलेले यांचा. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३५० किलोकॅलरी असतात. शिजल्यावर पाणी शोषून त्याचा २५० ते ३०० ग्रॅम भात होतो. ऊर्जा तेवढीच राहते. म्हणून १०० ग्रॅम भातात १२० ते १४० किलोकॅलरीच भरतात. भात काट्यावर ठेवून ॲपमध्ये ‘तांदूळ १०० ग्रॅम’ अशी नोंद केली, तर आकडा अडीच-तीन पट फुगतो. काटा अचूक होता, चुकली ती नोंद.

दुसरा घोळ पाण्याचा. २०० ग्रॅम घट्ट वरण आणि २०० ग्रॅम पातळ आमटी यांचे वजन सारखे असले, तरी त्यातली डाळ सारखी नसते. तिसरा तेलाचा. तळताना कढईत किती उरले आणि पदार्थाने किती शोषले, हे ताटातला पदार्थ तोलून कळत नाही. ताटाच्या छायाचित्रावरून कॅलरी सांगणाऱ्या ॲपचीही हीच मर्यादा आहे. भाजीत मुरलेले तेल छायाचित्रात दिसत नाही.

शिवाय काट्यालाही मर्यादा असते. घरगुती डिजिटल काटा साधारण १ ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवतो. ४ ग्रॅम साखर तोलताना १ ग्रॅम इकडेतिकडे झाला, तर चूक थेट २५ टक्क्यांची. इतक्या थोड्या मापासाठी सपाट चमचाच बरा. खुद्द तक्त्यातील आकडेही अंतिम नसतात. अमेरिकेच्या कृषी विभागातील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले, की अख्ख्या बदामांतून शरीराला मिळणारी ऊर्जा ॲटवॉटरच्या सूत्राने काढलेल्या आकड्यापेक्षा बरीच कमी असते. २८ ग्रॅम बदामांमागे १७० ऐवजी सुमारे १२९ किलोकॅलरी. म्हणजे दशांश चिन्हापर्यंत हिशेब ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

आहार सर्वेक्षणांत शास्त्रज्ञ कसे मोजतात?

राष्ट्रीय पोषण नियंत्रण विभागाच्या (एनएनएमबी) पाहण्यांत दोन्ही पद्धती एकत्र वापरल्या गेल्या. मागील २४ तासांत काय खाल्ले, हे विचारताना ठरावीक आकारमानाचे पेले आणि चमचे सोबत नेले जात. घरात कच्चा शिधा किती ग्रॅम घेतला, त्याचे शिजून एकूण किती पेले झाले आणि त्यातले एका व्यक्तीच्या वाट्याला किती आले, यावरून तिने खाल्लेला कच्चा शिधा काढला जाई. थोडक्यात, कच्चे वजनाने आणि शिजलेले मापाने.

हेच घरी करता येते. समजा, १५० ग्रॅम तांदूळ (सुमारे ५२५ किलोकॅलरी), ७५ ग्रॅम मूगडाळ (सुमारे २५५) आणि २० ग्रॅम तेल (१८०) घेऊन खिचडी केली. एकूण ९६० किलोकॅलरी झाल्या. रिकाम्या पातेल्याचे वजन वजा करून तयार खिचडी ९०० ग्रॅम भरली, तर १०० ग्रॅमला सुमारे १०७ किलोकॅलरी पडतात. ताटात २५० ग्रॅम घेतली की साधारण २६७. पाणी कमी-जास्त झाले, तरी हा हिशेब बिघडत नाही, कारण पाण्याला कॅलरी नसतात. तीच खिचडी पुन्हा त्याच प्रमाणात केली, तर काटा न काढता वाटीनेही काम भागते.

प्रत्येकाने तोलून खावे का?

याचे उत्तर व्यक्तीनुसार बदलते. टाइप १ मधुमेहात जेवणातील कर्बोदकांवरून इन्शुलिनची मात्रा ठरवावी लागते. तिथे सुरुवातीच्या काळात तोलून पाहण्याचा उपयोग मोठा आहे, अर्थात डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली. खाण्याबाबतच्या मानसिक विकारांचा इतिहास असलेल्यांसाठी मात्र प्रत्येक घास तोलणे त्रासदायक, प्रसंगी धोकादायक ठरू शकते. वाढत्या वयातील मुलांच्या ताटाशेजारी काटा ठेवणेही योग्य नाही.

घराघरातला एक पेचही लक्षात घ्यायला हवा. एकत्र स्वयंपाकात काटा लावण्याचे काम बहुधा स्वयंपाक करणाऱ्या बाईवरच येते. आहार एकाचा आणि हिशेब दुसरीचा, अशी ही व्यवस्था फार दिवस टिकत नाही. मेस किंवा डब्यावर जेवणाऱ्यांना तर कच्च्या शिध्याचा पत्ताच नसतो. त्यांच्यासाठी एकाच आकाराची वाटी आणि पोळ्यांची संख्या रोज सारखी ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग. आकडा अचूक नसला, तरी कालच्यापेक्षा आज कमी की जास्त, एवढे नक्की कळते.

घरात नेमके काय करावे?

आठवडाभर काटा वापरावा, तो आपली मापे पारखून घेण्यासाठी. घरातल्या वाटीत काठोकाठ पाणी भरून तोलावे. पाण्याचा १ ग्रॅम म्हणजे जवळपास १ मिलिलिटर, त्यामुळे वाटीचे आकारमान लगेच कळते. मग त्याच वाटीत आपण नेहमी घेतो तेवढा भात आणि उसळ तोलावी. दहा पोळ्यांसाठी भिजवलेली कोरडी कणीक तोलून दहाने भागावी. फोडणीची पळी किती मिलिलिटरची, तेही पाहून ठेवावे. त्यानंतर तेल, तूप, दाणे आणि कच्चे धान्य तेवढे मोजून घ्यावे. पालेभाज्या, कोशिंबीर, ताक यांना अंदाज पुरेसा आहे.

तेलासाठी तर काट्याचीही गरज नाही, कॅलेंडर पुरते. चार जणांच्या घरात ५ लिटरचा डबा ३० दिवसांत संपत असेल, तर ढोबळ सरासरीने माणशी दिवसाला ३८ ग्रॅम तेल पोटात जाते. २००० किलोकॅलरींच्या आहारासाठी ‘एनआयएन’ने सुचवलेले तेल-तुपाचे प्रमाण २७ ग्रॅम आहे. यातले १० टक्के कमी करायचे म्हणजे माणशी ४ ग्रॅमहून थोडे कमी, चहाचा एक चमचाही नाही. पळीने ओतताना एवढा फरक नजरेला दिसणार नाही. डबा उघडला ती तारीख त्यावर लिहून ठेवली, तर मात्र दिसेल. तो ३० ऐवजी ३३ दिवस पुरला, की १० टक्के कमी झाले.