सर्व्हर डाऊन आहे, उद्या या

काही वर्षांपूर्वी शासकीय कामानिमित्त लखनौला गेलो होतो. एका कार्यालयाबाहेर शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मुलांची रांग लागली होती. मुदत त्याच संध्याकाळी संपत होती आणि खिडकीतून उत्तर येत होते, "सर्वर डाउन है, कल आइए." दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत यावर एकच उपाय निघाला : अधिक मोठे यंत्र खरेदी करावे. त्या उपायाला माझा तेव्हाही विरोध होता, आजही आहे.

जुन्या धाटणीच्या वेब सर्व्हरमध्ये प्रत्येक जोडणीमागे एक स्वतंत्र प्रोसेस राखून ठेवलेली असते. म्हणजे दर अर्जदारामागे एक कारकून. अर्जदार खिशात चष्मा शोधत असला तरी कारकून त्याच्यासमोर अडकलेला. गर्दी वाढली की मेमरी संपते आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा वेळ कारकुनांची अदलाबदल करण्यातच जातो. एका यंत्राने दहा हजार जोडण्या कशा सांभाळाव्यात, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये मांडला. उत्तर यंत्राच्या आकारात नव्हे, रचनेत सापडले. फ्रीबीएसडीने २००० मध्ये 'केक्यू' आणि लिनक्सने २.६ आवृत्तीत 'ईपोल' ही सोय दिली : ज्याचे कागद तयार, त्याचेच नाव पुकारायचे. २००४ मध्ये आलेला इंजिनएक्स याच तत्त्वावर चालतो. अर्थात किंमत येथेही आहे. मोजके कारकून सर्वांचे पाहतात, तेव्हा एकजण एखाद्या फाइलीत अडकला की त्याच्याकडचे सगळेच खोळंबतात.

वेगाचा दुसरा मार्ग अधिक धोक्याचा. विंडोज सर्व्हर २००३ मध्ये विनंत्या स्वीकारण्याचे काम थेट कर्नलमध्ये नेले गेले. हेलपाटे वाचले, पण खिडकी तिजोरीच्या खोलीत उघडली गेली. एप्रिल २०१५ मध्ये त्याच भागातील दोष उघड झाला आणि एका विपरीत विनंतीने संपूर्ण यंत्र कोलमडू शकते, हे दिसले. लिनक्सनेही कर्नलमध्ये वेब सर्व्हर घालून पाहिला होता. पुढे तो काढून टाकला.

हे निर्णय तांत्रिक म्हणून आपण पुरवठादारावर सोपवतो. वास्तविक ते प्रशासकीय आहेत. गर्दी कधी होणार हे आपणच ठरवतो, कारण मुदत आपणच घालतो. २८ एप्रिल २०२१ रोजी अठरा वर्षांवरील सर्वांसाठी लसनोंदणी एकाच वेळी खुली झाली आणि पहिल्या काही मिनिटांतच को-विन अडखळले. ती वेळ यंत्राने निवडली नव्हती.

म्हणून माझ्या मते तीन गोष्टी सक्तीच्या हव्यात. खरेदीपूर्वी शेवटच्या दिवसाच्या गर्दीइतका भार टाकून चाचणी घ्यावी. कोणती रचना का निवडली, त्यात काय गमावले, हे नस्तीवर लिहावे. आणि सर्व्हर जितके तास बंद, तितकी मुदत कोणी अर्ज न करताही वाढावी. या तिसऱ्या गोष्टीला तर एक पैसाही लागत नाही. लखनौच्या त्या रांगेला मोठ्या यंत्राची नव्हे, एवढ्या एका आदेशाची गरज होती.