यंत्राची नाडी : दिवाळे गावातले दिवाळे

दिवाळी अंकासाठी मजकूर मागणारा संपादकांचा निरोप आला, की आमच्या घरात दरसाल एकच प्रश्न विचारला जातो : "यंदा कोणते यंत्र बिघडले?" विचारणारी अर्थातच आमची सौभाग्यवती. घरातली यंत्रे मी या सदराला विषय मिळावा म्हणूनच बिघडू देतो, अशी तिची ठाम समजूत आहे. यंदा माझ्याजवळ एक नव्हे, दोन उत्तरे होती. एक गेल्या दिवाळीपासून राखून ठेवलेले, दुसरे श्रावणातले. गंमत अशी की, दोन्हींचा अपराधी एकच निघाला. पेन्सिलीच्या टोकाएवढी एक सुई!

पहिली गोष्ट गेल्या धनत्रयोदशीची. वाशीतल्या आमच्या इमारतीखाली, खांबांच्या मधल्या जागेत, माझी जुनी स्कूटर उभी असते. तिने तिशी ओलांडली आहे आणि पावसाळ्यात तिला मी सक्तीची विश्रांती देतो. दसऱ्याला तिला धुतले, झेंडूचा हार घातला, टाकी भरून आणली आणि पुन्हा जागेवर उभी केली. पेट्रोलचा कॉक बंद करायचा मात्र विसरलो. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी कोपऱ्यावर जाऊन यावे म्हणून किक मारली. ती सुरू झाली नाही, आणि मीही नाद सोडून वर आलो. अर्ध्या तासाने खालून पेट्रोलचा वास आला. जाऊन पाहतो तो स्कूटरखाली परातीएवढे थारोळे, आणि दहा पावलांवर पोरे फुलबाज्या पेटवीत बसलेली!

पोरांना हाकलले, कॉक बंद केला, वॉचमनने घमेलेभर वाळू टाकली. थोडक्यात निभावले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी आमचे मिस्त्री आले. हे मिस्त्री सांगलीकडचे. विहिरीवरच्या इंजिनांवर हात बसवून पुढे कळंबोलीच्या ट्रकांमध्ये जन्म काढलेले आणि आता मुलाच्या घरी निवृत्त. त्यांनी कॉक उघडला. नळीतून पेट्रोल ठिबकू लागले. मग पेचकस उलटा धरून त्याच्या मुठीने कार्बोरेटरच्या वाटीवर टक् टक् असे दोन हलके ठोके दिले. ठिबकणे थांबले!

"साहेब, सुई अडकली होती," ते म्हणाले.

ज्यांना कार्बोरेटर ठाऊक नाही, त्यांनी गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणावी. पाणी वर चढले, की चेंडू तरंगत वर येतो आणि बॉलकॉक बंद होतो. कार्बोरेटरच्या वाटीतही असाच एक तरंगता फ्लोट असतो आणि त्याच्या पाठीवर ही सुई. पेट्रोल पुरेसे भरले, की सुई वर जाऊन छिद्र बंद करते. ही झाली झडप. पेट्रोल महिनोन् महिने तसेच राहिले, की त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळ उरते. तळणीचे तेल कढईच्या कडेला जसे चिकटून बसते, तशीच. सुई त्यात रुतते.

त्यात आता पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. उसापासून आणि धान्यापासून केलेले इथेनॉल त्यात मिसळतात आणि २०२५ साली हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचले. देशाचा परकीय तेलावरचा खर्च वाचतो, ऊसवाल्यांना गिऱ्हाईक मिळते, हे खरेच. परंतु मद्यार्काला पाण्याची ओढ फार. आमच्यासारख्या खाडीकाठच्या दमट हवेत टाकीत पाणी शिरले, तर तो ते पोटात घेतो. आणि फार झाले म्हणजे पाणी व मद्यार्क यांचा थर वेगळा होऊन तळाशी, नेमका कॉकच्या तोंडाशी, जाऊन बसतो. जुन्या गाड्यांचे रबरही त्याने फुगते. तेव्हा उभ्या राहणाऱ्या गाडीत जुने पेट्रोल ठेवू नये, हा पहिला धडा.

आता निदानाकडे वळू. अडकलेली झडप दोन तऱ्हांची : उघडी अडकलेली आणि बंद अडकलेली. उघडी अडकली तर अतिसार, बंद अडकली तर उपासमार! पहिलीत वास, ठिबकणे, काळा धूर, ओला काळा प्लग. दुसरीत गाडी सुरू होते, थोडी चालते आणि धापा टाकून बंद पडते. उपासमारीचे कारण शोधताना मिस्त्री वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करतात. पेट्रोल सारखे वाहत राहिले तर वरचा रस्ता मोकळा आहे. चमचाभर येऊन थांबले, तर अडचण सुईत, गाळणीत, कॉकमध्ये किंवा टाकीत. मग टाकीचे झाकण उघडायचे. 'सुस्स' असा आवाज होऊन गाडी पूर्ववत चालू लागली, तर बिचाऱ्या सुईचा काही दोष नाही. झाकणातली हवा आत घेणारी बारीक वाट बुजली आहे. तेलाच्या डब्याला आपण एक सोडून दोन भोके का पाडतो, हे ज्या गृहिणीला ठाऊक आहे, तिला हे निराळे समजावून सांगायला नको.

वाटीवर टक् टक् करणे ही मात्र परीक्षा आहे, दुरुस्ती नव्हे. मिस्त्रींनी त्याच दिवशी वाटी उघडली, राळ धुतली, सुई नवी घातली आणि टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकले. ठोक्याने सुटलेली सुई पुन्हा केव्हा अडकेल, याची हमी कोण देणार? आणि तेव्हा खाली फुलबाज्या नसतील कशावरून?

आता दुसरी गोष्ट. बेलापूरला खाडीच्या काठी दिवाळे नावाचे कोळ्यांचे गाव आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली, १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला आणि मुंबई खाडी ओलांडून इकडे आली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून ही मंडळी इथे जाळी टाकीत आली आहेत. त्या गावची एक मावशी आमच्याकडे वर्षानुवर्षे मासळी घालते. नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता. मावशी रिकाम्या हाताने दारात आली आणि उंबऱ्यावरच बसली.

"काका, इंजान पार गेला म्हन्तान," ती म्हणाली. "आता करू तं काय करू?"

आपल्याकडे यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मावशीच्या नाखव्याने होडी मे अखेरीस किनाऱ्याला लावली, ती ऑगस्टात पाण्यात लोटली. इंजिन चार सिलिंडरचे, जुन्या पद्धतीचे, डिझेलचे. सुरू झाले, पण ठोके देऊ लागले, काळा धूर ओकू लागले, ओढ निम्मी झाली. एका कारखान्यात दाखवले. तिथल्या गृहस्थांनी ऑइलची काडी बाहेर काढली, ऑइल पातळ आणि डिझेलचा वास येणारे पाहिले आणि निकाल दिला : रिंगा गेल्या, लायनर गेले, इंजिन उघडावे लागेल. आकडा लाखाच्या घरातला. मावशीचे डाग सोनाराकडे न्यायची तयारी झाली होती. हंगामाची सुरुवात हीच काय ती कमाईची वेळ. होडी महिनाभर काठाला राहिली असती, तर दिवाळे गावात दिवाळीआधीच दिवाळे निघायचे!

मी मिस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी हत्यारांच्या पिशवीला हात लावण्याआधी नाखव्याला एकच प्रश्न विचारला, "होडी लावली तेव्हा इंजिन कसे होते?"

"झकास होता."

"मग रिंगा बसल्या जागी कशा गेल्या? यंत्र चालून झिजतं, बसून अडकतं."

मला विचाराल, तर सगळे निदान या एका वाक्यात आले. पुढचे झाले ते पुरावे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडतात आणि तो आपोआप पेटतो. फवारा सोडणाऱ्या नोझलमध्ये पुन्हा एक सुई असते. ती आपल्या घरात इतकी तंतोतंत बसवलेली असते, की दोहोंमधली फट २ ते ४ मायक्रॉन भरते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करावी. तिथे गंजाचा कण शिरला, की सुई अडकलीच. उघडी अडकली, तर फवाऱ्याऐवजी धार लागते. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. म्हणजे कारखान्यातल्या गृहस्थांनी पाहिले ते खोटे नव्हते. त्यावरून काढलेला अर्थ घाईचा होता.

मिस्त्रींनी इंजिन मंद चालवले आणि एकेका नोझलकडे जाणाऱ्या नळीची चाकी पाळीपाळीने किंचित सैल केली. सैल केली की त्या सिलिंडरला डिझेल मिळत नाही. पहिली सैल केली, इंजिनाचा वेग उतरला. म्हणजे तो सिलिंडर काम करीत होता. दुसरी, तसेच. चौथी, तसेच. तिसरी सैल केली, तर वेग तसूभर उतरला नाही. उलट ठोका थांबला आणि धूर निवळला! दोषी सापडला.

दोषी सापडला, पण दोष? तिसऱ्या सिलिंडरच्या रिंगाही वाईट असू शकतील, असे मी शहाणपणाने म्हणालो. मिस्त्री हसले. त्यांनी पहिल्याचे नोझल तिसऱ्यात आणि तिसऱ्याचे पहिल्यात बसवले, तांब्याचे वायसर नवे घातले, नळ्यांतली हवा काढली आणि इंजिन पुन्हा सुरू केले. आता तिसरा शहाणा झाला होता आणि पहिला ठोके देत होता. दुखणे नोझलबरोबर घर बदलून गेले होते. रिंगांचे असते, तर ते जागेवरच राहिले असते. या परीक्षेला चार वायसरांपलीकडे काही लागले नाही.

नोझल तुर्भ्याला पंप-नोझलच्या दुकानात नेले. तिथे हाताने दांडा दाबून परीक्षा करायचे यंत्र असते. निरोगी नोझल ठरल्या दाबाला 'कर्र' असा आवाज करून धुक्यासारखा फवारा सोडते आणि लगेच टोक कोरडे ठेवते. आमच्या नोझलने आवाज केला नाही. लहान मुलाच्या नाकासारखे ते नुसते गळत राहिले. नवे नोझल घेतले, दाब बरोबर लावून आणला आणि काम झाले.

झाले म्हणजे, नाखव्याच्या मते झाले. मिस्त्री मात्र टाकीकडे वळले. तळाची चाकी उघडली, तर आधी पाणी आले, मग तपकिरी बुळबुळीत गाळ, आणि मग कुठे डिझेल. टाकी मे महिन्यात अर्धी रिकामी ठेवली होती. पावसाळ्याच्या ओल्या हवेतले पाणी रिकाम्या अर्ध्या भागात थेंबाथेंबाने जमले आणि तळाला गेले. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात, तिथे सूक्ष्म जंतूही वस्ती करतात. तो बुळबुळीतपणा त्यांचा. टाकी धुतली, फिल्टर बदलले. ऑइलही बदलले, कारण डिझेल मिसळलेल्या पातळ ऑइलवर इंजिन चालवले, तर बेअरिंगे खरोखरच जातील आणि त्या गृहस्थांचे भाकीत आपण होऊन खरे करून दिल्यासारखे होईल. तिसऱ्या दिवशी होडी खाडीत गेली.

आता एक इशारा, आणि तो थट्टेने घेऊ नये. नळीची चाकी सैल करण्याची ही युक्ती जुन्या पंपांच्या इंजिनांपुरती, तीही जाणत्या हातांची. हल्लीच्या कॉमन रेल डिझेल गाड्यांत नळीतला दाब हवेच्या दाबाच्या दीड-दोन हजार पट चढतो. तिथे चालू इंजिनाची चाकी सैल केली, तर डिझेल कातडी फोडून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, पण आत हात सडू लागतो. ताबडतोब शस्त्रक्रिया करावी लागते. परीक्षेच्या यंत्रावरही फवाऱ्यापुढे बोट धरू नये. नव्या गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला एकेक बाटली लावून कोणती लवकर भरते ते पाहतात. जी लवकर भरते, तिचा इंजेक्टर गळका. शिवाय स्कॅनर असतोच. उपकरण बदलले, पद्धत तीच : चौघांची तुलना करा, वेगळा कोण ते पाहा.

नव्या पेट्रोल गाड्यांतही एक झडप अशीच छळते. टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या डबीत साठवून इंजिनाकडे सोडणारी पर्ज झडप ती. ती उघडी अडकली, की पेट्रोल भरल्यावर नेमकी गाडी सुरू व्हायला कुरकुरते, आणि लोक पेट्रोलपंपाला शिव्या देतात! थंड इंजिन मंद चालू असताना झडपेची डबीकडची नळी काढून तोंडावर बोट धरावे. बोट ओढले गेले, तर झडप मिटत नाही असे समजावे.

तात्पर्य काय? वैद्य आधी नाडी पाहतो, जीभ पाहतो, काय खाल्ले ते विचारतो. पोट फाडायची गोष्ट शेवटी. यंत्रालाही हाच न्याय लावावा. फुकटची परीक्षा आधी, स्वस्ताची नंतर, इंजिन उघडणे सर्वांत शेवटी. आणि कोणी पहिल्याच भेटीत लाखाचा आकडा सांगितला, तर त्याला नम्रपणे विचारावे, "दोष कुठे आहे तो मला हलवून दाखवाल का?"

मिस्त्रींनी मजुरी घेतली ती एका दिवसाची. मावशी दुसऱ्या आठवड्यात टोपलीभर जिवंत चिंबोऱ्या घेऊन आमच्या दारात उभी राहिली. श्रावण संपला नव्हता. सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले, मी चिंबोऱ्यांकडे पाहिले, आणि जड अंतःकरणाने टोपली मिस्त्रींकडे रवाना झाली. ते श्रावण पाळीत नाहीत. निदान बिनचूक करणाऱ्याला एवढे फळ मिळायलाच हवे!

यंदा स्कूटरचा कॉक मी स्वतः बंद केला आहे. दिवसातून दोनदा खाली जाऊन पाहूनही येतो. आपणही दिव्याला वात लावण्याआधी आपल्या गाडीखाली एकवार डोकावून पाहा. सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची आणि कोरड्या फरशीची जावो!