पगाराविना किती महिने?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी आपल्या चोपड्यांची पूजा करतो. आपल्या घरी चांदीचा रुपया, आजेसासूबाईंच्या पाटल्या आणि नवी केरसुणी एवढी मंडळी चौरंगाभोवती जमतात. वही मात्र कुठे दिसत नाही. लक्ष्मी आली किती आणि गेली कोणत्या दाराने याची नोंदच ज्या घरात नाही, तिथे तिने कोणाच्या भरवशावर मुक्काम करावा? तेव्हा या सदराच्या वाचकांनी यंदा चौरंगावर एक साधी वही ठेवावी आणि तिच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहावा : उद्या पगार थांबला, तर आपले घर किती महिने चालेल?

सणासुदीला असले अभद्र बोलू नये, असे घरातील वडीलधारे म्हणतील. पण हा प्रश्न मुहूर्त पाहून येत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा तो गिरणगावातल्या चाळीचाळींत जाऊन बसला. २०२०च्या टाळेबंदीत तर ज्यांना पगार म्हणजे सूर्योदयासारखा ठरलेला वाटत होता, अशा कचेरीवाल्यांच्या दारातही तो येऊन उभा राहिला. घरात कर्तृत्व सारखेच होते. फरक पडला तो एवढाच, की कोणाजवळ आठ महिन्यांची शिल्लक होती, तर कोणाजवळ आठ दिवसांची.

आर्थिक स्वातंत्र्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बंगला आणि मोटार येते. वास्तविक ते महिन्यांत मोजावयाचे असते. घरखर्च महिना चाळीस हजार आणि शिल्लक दोन लाख चाळीस हजार असेल, तर तुम्ही सहा महिन्यांपुरते स्वतंत्र आहात. तेवढ्या काळात वरिष्ठांच्या लहरीपुढे मान तुकवावी लागत नाही, आजारपणात कोणापुढे हात पसरावा लागत नाही आणि मिळेल ती नोकरी निमूटपणे पत्करावी लागत नाही.

आता थोडे गणित करू. गणिताचे नाव काढताच पान उलटू नका. हे भाजीच्या हिशेबाइतकेच सोपे आहे. पगाराचा दहावा हिस्सा शिल्लक टाकणाऱ्याला एका महिन्याचे स्वातंत्र्य कमावण्यास नऊ महिने राबावे लागते. चौथा हिस्सा टाकणाऱ्याला तीनच महिने पुरतात. ज्या घरात दोघेही मिळवतात आणि एकाच्या पगारात भागते, त्या घराला (दोन्ही पगार सारखे असतील तर) दर महिन्याला एक महिना मिळतो! यातली गोम अशी, की खर्च कमी केल्याने दुहेरी लाभ होतो. शिल्लक वाढते ती वाढतेच, शिवाय तीच शिल्लक अधिक दिवस पुरते. पगार वाढला की त्याच्या मागोमाग खर्चही वाढवणारी मंडळी मात्र आयुष्यभर धावतात आणि जागच्या जागीच राहतात.

शिल्लक ठेवावी कोठे? पहिले सहा महिने हाताशी, म्हणजे बँकेत. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. १९६० साली लक्ष्मी बँक आणि पलाई सेंट्रल बँक या दोन बँका बुडाल्या. त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून आपल्याकडे ठेवींचा विमा सुरू झाला. त्या वेळी त्याची मर्यादा दर ठेवीदारामागे पंधराशे रुपये होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाख झाली. ही मर्यादा एका बँकेतल्या एका ठेवीदाराची, मुद्दल आणि व्याज मिळून आहे. विमा उतरवलेल्या सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतसंस्थांना मात्र नाही. पाटीवर ‘सहकारी’ हा शब्द दोघींच्याही असतो, म्हणून दोघी एकच असे समजू नये. अर्धा-एक टक्का जादा व्याजासाठी जन्माची पुंजी एकाच टोपलीत ठेवणारा मनुष्य फार धाडसी म्हटला पाहिजे.

त्यापुढचा पैसा लांब पल्ल्याचा. १९६८ साली सुरू झालेला सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी या कामी आजही अनेकांना सोयीचा वाटतो, कारण त्याची पंधरा वर्षांची मुदत आपल्याच चंचल मनापासून आपल्याला वाचवते. एप्रिल २०२० मध्ये त्याचा दर ७.१ टक्के झाला. त्या दराने दर वर्षी एप्रिलच्या आरंभी साठ हजार रुपये भरले, तर पंधरा वर्षांत भरलेले होतात नऊ लाख आणि हाती येतात सुमारे सव्वासोळा लाख. पण हरखून जाऊ नका. महागाईही तुमच्याबरोबर पंधरा वर्षे चालतच असते. वर्षाला पाच टक्के दराने ती वाढली, तर आजचा शंभराचा बाजार पंधरा वर्षांनी दोनशे आठ रुपयांना पडेल. म्हणून सारे व्याज खाऊन टाकणारा माणूस नकळत मुद्दलच खात असतो. वहीत महिने मोजताना दर पाडव्याला त्या वर्षीचा खर्च धरून नव्याने मोजावेत, ते याचसाठी.

कर्जाचा विषय टाळून चालणार नाही. आपल्या जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, एवढी लाज त्यात सावकारालाही बाळगावी लागे. क्रेडिट कार्डाला असली लाज नाही. महिना साडेतीन टक्क्यांनी थकलेले देणे वीस महिन्यांत दामदुप्पट होते आणि तेथेही थांबत नाही. असले देणे डोक्यावर असताना दुसरीकडे सात टक्क्यांनी पैसे साठवणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे होय. आधी भोक बुजवावे, मग नळाखाली हंडा धरावा.

आणि आता सर्वांत नाजूक गोष्ट. पुष्कळ घरांत पैसा असतो, पण तो कोठे आहे हे एकालाच ठाऊक असते. तो एकजण अकस्मात गेला, तर मागे राहिलेल्या बाईला दुःख करावयालाही सवड मिळत नाही. ती कपाटातले कागद उपसत बसते. खात्यावर वारसदार म्हणून तिचे नाव आहे की लग्नापूर्वी घातलेले सासूबाईंचेच राहिले आहे, हे तिला बँकेच्या खिडकीशी कळते. नामनिर्देशन म्हणजे मृत्युपत्र नव्हे, हेही तेव्हाच समजते. बायकोच्या हिताचा एक जुना कायदा तर बहुतेकांना ठाऊकच नसतो. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली नवऱ्याने पत्नी व मुलांसाठी तसे लिहून स्वतःचा आयुर्विमा उतरवला, तर ती रक्कम त्यांचीच राहते. त्याच्या धनकोंना तिला हात लावता येत नाही. मात्र हे विमा घेतानाच लिहावे लागते.

तेव्हा पतिराजांनो, यंदा पाडव्याला ओवाळणीच्या तबकात साडीबरोबर एक कागद घाला. खाती, ठेवी, विमे, कर्जे, लॉकरची किल्ली आणि मृत्युपत्र कोठे आहे, हे सारे त्यावर स्वच्छ अक्षरात लिहा. आणि ताई-वहिनींनो, ‘मला बाई त्यातले काही कळत नाही’ हे वाक्य यापुढे तोंडातून काढू नका. दर महिन्याला मोलकरणीचे खाडे, दुधाची बिले आणि भिशीचा हप्ता ज्या बिनचूक सांभाळतात, त्यांना हे न कळण्याजोगे काय आहे? तो कागद वाचा, शंका विचारा, आणि तुमचा स्वतःचा पैसा असेल तर तुमचाही कागद त्यांच्या हाती द्या.