काठीचा मान? कुणाला सांगता!

लंडनच्या विणकर गिल्डला दुसऱ्या हेन्री राजानं ११५५ साली सनद दिली. तिथल्या गिल्डांचा 'बीडल' म्हणजे निरोप्या नि दारराख्या. आज तोच झगा घालून, काठी घेऊन प्रमुखाच्या पुढं मिरवतो.

आमच्यातलाच एक शिकलेला मला म्हणतो, 'आपला वेसकरपण तसाच मानकरी!'

अरे हाट्! काठी माझ्या पणज्याच्याही हातात होती. सांगावे तोही पोचवी, वेस तोही राखी. बीडलला पगार, ह्याला दारोदार मागितलेली शिळी भाकर. मयताची खबर घेऊन उन्हातान्हात कोस-कोस पळायचा. बाबासाहेबांनी १९२८ ला वतन कायदा बदलायचं बिल मांडलं, ते काय मान घालवायला? १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं. आता त्या काठीला चांदीची मूठ बसवता?

दोस्ता, मी साच्यावर पाळी भरतो नि पगार मोजून घेतो.