‘या कारणावरून’

भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील माता, कन्या आणि दोन पुत्र अशा चौघांची हत्या झाली. सत्र न्यायालयाने २००८ साली आठ जणांस दोषी ठरवून त्यांपैकी सहांस फाशी सुनावली. २०१० साली नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या जन्मठेपेत बदलली. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही तो नाहीच. गुन्हा जातीचा नव्हे, सूडाचा होय, असा निष्कर्ष निघाला.

१९८९ च्या त्या कायद्यात गंभीर गुन्ह्यांच्या कलमात ‘अनुसूचित जातीचा आहे या कारणावरून’ अशा अर्थाचे शब्द होते. मारेकऱ्याच्या मनातील कारण कोणत्या साक्षीदाराने पाहावे? जमिनीचा तंटा पुढे केला की जात मागे पडे; जणू खेड्यात तंट्याला जात नसते! २०१५ च्या दुरुस्तीने तेथे ‘हे माहीत असताना’ असे शब्द आले आणि २६ जानेवारी २०१६ पासून ते अमलात आहेत. खैरलांजीस त्यांचा उपयोग नव्हता, कारण नवी शिक्षा जुन्या गुन्ह्यास लावता येत नाही.

धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी आणखी एक शब्द ध्यानात ठेवावा. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात ‘बौद्ध’ हा शब्द १९९० साली आला. तो आला नसता तर या कायद्याचे छत्रही आपल्यावर नसते.

शिकलेला मुलगा म्हणजे सरकारी नोकर, फार तर वकील, अशी समजूत पुष्कळ घरांत अद्याप आहे. बाबासाहेब १९३५ साली मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले, याचा विसर पडू नये. फौजदारी कायदा आणि त्याची भाषा यांच्या संशोधनास आयुष्य देणारे अध्यापक आमच्या घरांतून निघाले पाहिजेत. विषय दाराशीच आहे. येथील आई झाडीबोलीत सांगते, हवालदार ते कचेरीच्या मराठीत लिहितो, उच्च न्यायालयात तेच इंग्रजीत वाचले जाते. वाटेत काय सांडले हे कोण मोजणार? झाडीबोलीचा अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी केला. फौजदारी दप्तरात तिची काय गत होते, हे आमच्या मुलामुलींनी शोधावे.

तोवर फिर्याद देण्याचा प्रसंग आलाच, तर ती वाचून दाखविणे आणि तिची प्रत विनामूल्य देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. आपला शब्द तसाच उतरला आहे, हे ऐकल्याशिवाय कोणीही सही अगर अंगठा करू नये.