टॉवर आपला, त्यातला ट्रान्झिस्टर कुणाचा?

27 सप्टेंबर 2025 रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे पंतप्रधानांनी दूरसंचाराच्या 97,500 हून अधिक टॉवरांचे लोकार्पण केले. त्यांतील बहुतेक भारत संचार निगमचे, 4-जी सेवेसाठी उभारलेले. स्वतःचे दूरसंचार तंत्रज्ञान असलेल्या स्वीडन, डेन्मार्क, दक्षिण कोरिया व चीन यांच्या पंक्तीला आता भारत जाऊन बसला, असे त्या निमित्ताने सांगण्यात आले. या यंत्रणेचा गाभा सी-डॉट या सरकारी संस्थेचा, रेडिओ-यंत्रे तेजस नेटवर्क्सची व एकूण जुळणी टाटा कन्सल्टन्सीची. हे काम सोपे नव्हते. ते करणाऱ्या इंजिनियरांच्या श्रमांची टिंगल ज्यांना करायची असेल त्यांनी खुशाल करावी; आम्ही ती करणार नाही. आमचा प्रश्न टॉवरवर टांगलेल्या त्या पेटीच्या आत काय आहे, हा आहे.

मोबाइलचा संदेश संगणकी आकड्यांच्या रूपात टॉवरपर्यंत येतो. त्याची रेडिओलहर करावी लागते आणि ती लहर काही किलोमीटर पोचेल इतकी बलवान करावी लागते. हे बळ देणारा पॉवर ॲम्प्लिफायर म्हणजे त्या पेटीतला खरा कष्टकरी. पेटीला लागणाऱ्या विजेचा मोठा वाटा तोच खातो, उष्णतेचा तापही त्यालाच. आजच्या टॉवरांत या कामासाठी गॅलियम नायट्राइड या पदार्थाचे ट्रान्झिस्टर वाढत्या प्रमाणात वापरले जातात, कारण सिलिकॉनच्या मानाने ते अधिक दाब व अधिक उष्णता सोसतात. त्याच्या जोडीला क्षीण लहर टिपणारा ॲम्प्लिफायर आणि शेजारच्या पट्ट्यातील गोंगाट अडवणारे फिल्टर. टॉवरवरचा पोकळीचा फिल्टर ॲल्युमिनियमचा असतो. तो आपल्याकडचे कसबी यंत्रकामगार बनवू शकतात. हँडसेटमधला फिल्टर मात्र तांदळाच्या दाण्याहून लहान. त्यात विजेची लहर क्षणभर स्फटिकातली ध्वनिलहर होते, गाळली जाते आणि पुन्हा विजेची होते. असे कित्येक फिल्टर प्रत्येक हँडसेटमध्ये असतात.

टॉवरला लागणारे हे शक्तिशाली ट्रान्झिस्टर आणि हँडसेटला लागणारे हे फिल्टर व्यापारी प्रमाणावर तयार करणारी फाउंड्री आपल्या देशात नाही. जगात या धंद्यावर अमेरिका, जपान व युरोप यांतील मूठभर कंपन्यांचा कबजा आहे: ब्रॉडकॉम, क्वालकॉम, मुराता, स्कायवर्क्स, कोर्व्हो. यांपैकी शेवटच्या दोन अमेरिकी कंपन्यांनी ऑक्टोबर 2025 मध्ये विलीनीकरणाचा करार जाहीर केला. मुक्त स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्यांनी ही मूठ अधिक घट्ट कशी होत चालली आहे, हे डोळे उघडून पाहावे.

‘बाजारात स्वस्त मिळते ते विकत घ्यावे, चाकाचा शोध पुन्हा कशाला लावायचा?’ असा युक्तिवाद अर्थखात्यातील विद्वान नेहमी करतात. त्यांना हुआवेचे उदाहरण द्यावे. जगाला 5-जी यंत्रसामग्री पुरवणारी ही चिनी कंपनी. अमेरिकेने मे 2019 पासून तिच्यावर निर्बंध लादले आणि 2021 साली तिला आपला पी-50 हा फोन 5-जीशिवाय, नुसत्या 4-जीवर विकावा लागला. तिच्या वाटेतील एक मोठी धोंड याच रेडिओ-घटकांची होती. दोन वर्षांनी, ऑगस्ट 2023 मध्ये, तिने पुन्हा 5-जीचा वेग देणारा फोन आणला. चिनी राज्यव्यवस्थेविषयी आमचे मत वाचकांना ठाऊक आहे. परंतु ज्या देशापाशी कारखाने, पैसा व तंत्रज्ञांची फौज होती त्यालाही एका दाण्याएवढ्या सुट्या भागासाठी दोन वर्षे खोळंबावे लागले, तर आपली काय कथा?

आपल्याकडे ज्ञान नाही, ही सबब तर मुळीच चालणार नाही. जगदीशचंद्र बोस यांनी 1895 साली कलकत्त्यात मिलिमीटर लांबीच्या लहरींचे प्रयोग करून दाखवले, हा दाखला भाषणांत वारंवार येतो. पूर्वजांच्या पुण्याईवर कारखाना चालत नाही, म्हणून तो बाजूला ठेवू. अलीकडचे पाहा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1977 साली मायक्रोवेव्ह घटकांसाठी खास विभाग निघाला आणि त्यातून 1984 मध्ये ‘समीर’ ही सरकारी संस्था उभी राहिली. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची दुर्बीण आकाशातील अतिक्षीण लहरी टिपते, तिचे रिसीव्हर याच देशातील तंत्रज्ञांनी घडवले. नोव्हेंबर 2024 मध्ये संरक्षण संशोधन संघटनेने जाहीर केले की तिच्या दिल्लीच्या प्रयोगशाळेने 150 वॉटपर्यंतचे गॅलियम नायट्राइड ट्रान्झिस्टर बनवले असून हैदराबादच्या ‘गेटेक’ या फाउंड्रीत त्यांचे मर्यादित उत्पादन सुरू आहे. म्हणजे रडारला जो घटक आपण देतो, तो गडचिरोलीच्या टॉवरला देण्याची तजवीज मात्र कुणी केली नाही. या संस्था जनतेच्या पैशाने उभ्या राहिल्या. त्यांचे ज्ञान जनतेच्या उपयोगी यावे, ही मागणी अवास्तव आहे काय?

सरकारने काय केले? 2021 साली दूरसंचार यंत्रांसाठी 12,195 कोटींची उत्पादन-प्रोत्साहन योजना आणली. प्रोत्साहन कशाच्या प्रमाणात? वाढीव विक्रीच्या. यंत्राचा आराखडा देशात केला तर पुढे आणखी एक टक्का! हृदय परदेशी आणि हाडे देशी अशी पेटी जोडून विकली तरी विक्री ती विक्रीच. अशा कारखान्यांतून कंत्राटी कामगारांना काही महिन्यांचे काम मिळते, मालकाला अनुदान मिळते आणि ज्ञान होते तिथेच राहते.

याहून संतापजनक गोष्ट दुसरी आहे. स्वदेशीचे हे व्रत पाळायचे कुणी? केवळ सरकारी कंपनीने. रिलायन्सने सप्टेंबर 2016 मध्ये 4-जी सुरू केले ते सॅमसंगच्या यंत्रांवर. 5-जीसाठी एरिक्सन व नोकिया यांच्याशी करार केले. एअरटेलचीही तीच रीत. भारत संचार निगमची 4-जीची निविदा मात्र 2020 मध्ये रद्द झाली आणि देशी यंत्रणा सिद्ध होईपर्यंत तिने थांबावे असे ठरले. त्याच वर्षी जानेवारीअखेर तिचे सुमारे 78,000 कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली एका दिवसात घरी गेले. पाच वर्षे ग्राहक गळत राहिले. देशी तंत्रज्ञानाच्या प्रसववेदना सार्वजनिक क्षेत्राने सोसाव्यात आणि बाजारपेठ खाजगी घराण्यांनी काबीज करावी, यालाच राज्यकर्ते आत्मनिर्भरता म्हणतात.

आपल्यातलेही काही साथी विचारतील, ट्रान्झिस्टर देशी की परदेशी याने कामगाराला काय फरक पडतो? परदेशी माल विटाळ आहे असे आम्ही मानत नाही. परंतु सुटा भाग नाही म्हणून टॉवर बंद पडला, तर शहरातील श्रीमंताला दुसरे जाळे मिळते. मेळघाटातल्या पाड्याला मिळत नाही. पुरवठादार बदलला की किंमत, अटी आणि दुरुस्तीचा हक्कही बदलतो.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. 2022 च्या लिलावात सरकारने 5-जीच्या लहरी 1,50,173 कोटी रुपयांना विकल्या. या लहरी कुणा कंपनीने निर्माण केलेल्या नाहीत. त्या उत्पन्नातील निश्चित हिस्सा रेडिओ-घटकांच्या सार्वजनिक फाउंड्रीसाठी राखून ठेवावा, ‘गेटेक’चे तंत्र तिला द्यावे, आणि केवळ भारत संचार निगमवर नव्हे, तर प्रत्येक परवानाधारकावर दरवर्षी वाढत जाणारी देशी घटकांच्या खरेदीची अट घालावी. प्रोत्साहनाची मोजणी विक्रीवर न करता घटकावर करावी. पहिली काही वर्षे हा माल महाग पडेल. तो भार भरघोस नफा कमावणाऱ्यांनी उचलावा.

शेवटी कोल्हापूर जिल्ह्यातील कार्यकर्त्यांसाठी एक गोष्ट. गॅलियमची खाण नसते. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना ते अत्यल्प प्रमाणात सोबत येते. जगातील कच्च्या गॅलियमचे जवळजवळ सारे उत्पादन चीनकडे आहे, आणि 2023 च्या ऑगस्टपासून त्याने निर्यातीला परवान्याची अट घातली. आपल्या जिल्ह्यातील डोंगर फोडून काढलेले बॉक्साइट बेळगावच्या हिंदाल्कोच्या कारखान्याकडे जात आले आहे. खाणपट्ट्यांच्या नूतनीकरणाच्या सुनावण्यांत आपण पाणी, रस्ते व नुकसानभरपाई यांचे प्रश्न मांडतो, ते मांडावेतच. त्याबरोबर त्या मातीतल्या गॅलियमचे काय होते आणि त्यावर हक्क कुणाचा, हेही लेखी विचारावे. आणि हाच प्रश्न नाल्को या केंद्र सरकारच्या कंपनीच्या दामनजोडी कारखान्याविषयी संसदेत विचारला जाईल, असा आग्रह आपल्या खासदारांकडे धरावा.